पुढचा आठवडा गारठ्याचा? थंडीचा अंदाज नेमका कसा वाचायचा?

डिसेंबर-जानेवारी उजाडला की मोबाईलवर ठरावीक पोस्ट फिरायला लागतात. 'राज्यात हुडहुडी', 'निफाडचा पारा घसरला', 'पुढचे सात दिवस सांभाळा'. पण तुमच्या गावात येत्या बुधवारी पहाटे किती गारठा असेल, हे त्यातून कळत नाही.

शहरात राहणाऱ्यांसाठी प्रश्न स्वेटर काढायचा की नाही, एवढाच असतो. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला मात्र याच अंदाजावर फवारणी कधी करायची, रात्री पाणी सोडायचं का, हे ठरवावं लागतं. त्यामुळे आठवड्याचा अंदाज काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेऊया.

महाराष्ट्रात थंडी येते कुठून?

आपल्याकडची कडाक्याची थंडी उत्तरेकडून येते. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने 'पश्चिमी विक्षोभ' नावाच्या हवामान प्रणाली पूर्वेकडे सरकतात. त्यांच्यामुळे काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ पडतो. विक्षोभ पुढे निघून गेला की त्याच्या मागून थंड, कोरडे वारे उत्तरेच्या मैदानात उतरतात आणि पुढे मध्य प्रदेश, गुजरात ओलांडून महाराष्ट्रात येतात.

म्हणूनच गारठा सहसा आधी धुळे, जळगाव, नाशिक आणि विदर्भात जाणवतो. कोकणात समुद्रामुळे त्याची धार कमी होते.

विक्षोभ जवळ येत असताना मात्र उलटं घडतं. वाऱ्याची दिशा बदलते, ढग येतात आणि जमिनीची उष्णता रात्री बाहेर पडू शकत नाही. किमान तापमान वाढतं आणि 'थंडी गायब' अशा बातम्या येतात. तो बऱ्याचदा दोन थंड टप्प्यांमधला मधला काळ असतो.

'थंडीची लाट' कधी म्हणतात?

खूप गार वाटलं म्हणजे लाट आली, असं नसतं. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी हवं, आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी खाली हवं. सरासरीपेक्षा ६.४ अंशांहून जास्त घट झाली तर ती तीव्र लाट. पारा थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली आला, तर सरासरी न बघताही लाट मानली जाते. किनारपट्टीसाठी १० ऐवजी १५ अंशांची मर्यादा आहे.

समजा, एखाद्या गावाची या दिवसांतली सरासरी १२ अंश आहे. तिथे ९ अंश नोंदले गेले तर गारठा नक्कीच असेल, पण लाट म्हणायला पारा ७.५ अंशांपर्यंत यावा लागेल. त्यामुळे बातमीत नुसता '९ अंश' वाचून अर्थ लागत नाही. तो आकडा सरासरीपेक्षा किती कमी आहे, हे बघायला हवं.

एकाच भागात आकडे वेगवेगळे का?

निफाडचा गाजणारा आकडा बहुतेक वेळा कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्रातला असतो. आजूबाजूला मोकळी शेतं असल्याने तिथली जमीन रात्री झपाट्याने गार होते. शहरात काँक्रीट आणि डांबर दिवसभराची उष्णता धरून ठेवतात. पुण्यातही पाषाण किंवा शिवाजीनगरचा पारा मगरपट्ट्यापेक्षा कितीतरी खाली असतो.

शिवाय तापमापक जमिनीपासून साधारण चार-पाच फुटांवर, पेटीत बसवलेला असतो. आकाश निरभ्र आणि वारा शांत असेल, तर जमिनीलगतची हवा त्याहून थंड होते. म्हणूनच महाबळेश्वरच्या वेण्णा लेक परिसरात पारा शून्याच्या वर असतानाही दवबिंदू गोठलेले दिसतात. रोपवाटिकेतल्या कोवळ्या रोपांना हाच जमिनीलगतचा गारठा सोसावा लागतो.

सातव्या दिवसाचा अंदाज किती पक्का?

पहिल्या तीन दिवसांचा अंदाज तुलनेने भरवशाचा असतो. पुढे अनिश्चितता वाढत जाते, कारण विक्षोभ एक दिवस उशिरा आला तरी सगळं गणित पुढे सरकतं. मोबाईल ॲप सातव्या दिवसाचाही नेमका आकडा दाखवतं. तो मॉडेलचा हिशेब असतो, त्याला खात्री समजू नका. त्या टप्प्यासाठी थंडी वाढणार की कमी होणार, एवढाच कल बघावा. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो, त्यातही तापमान सरासरीच्या वर राहील की खाली, हेच सांगितलेलं असतं.

पणाला काय लागतं?

कडाक्याच्या थंडीत द्राक्षमण्यांची फुगवण मंदावते आणि तयार होत आलेले मणी तडकण्याची भीती असते. म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, ठिबकने पाणी देतात. विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा उबदार असतं.

पण थंडी ओसरून ढगाळ, दमट हवा आली की भुरी आणि डाऊनीचा धोका वाढतो. म्हणजे 'थंडीपासून दिलासा' ही बातमी द्राक्षवाल्यासाठी दिलासा असेलच असं नाही. गहू-हरभऱ्याला कोरडी थंडी मानवते. कोकणात हापूसचा मोहोर फुटायला गारवा लागतो, ढगाळ हवेत त्याच मोहोरावर तुडतुडे वाढतात.

माणसांमध्ये वृद्ध, लहान मुलं, दम्याचे आणि हृदयविकाराचे रुग्ण आणि उघड्यावर झोपणारे मजूर यांना सर्वाधिक त्रास होतो. दारं-खिडक्या बंद करून खोलीत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.

मग नेमकं काय बघायचं?

१. जिल्ह्याच्या इशाऱ्याचा रंग. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच पावलं उचला.

२. सरासरीपेक्षा किती घट किंवा वाढ अपेक्षित आहे.

३. आकाश आणि वारा. निरभ्र रात्र आणि उत्तरेचे वारे असतील तर गारठा वाढतो. ढग आणि दमटपणा असेल तर थंडी कमी, पण पिकांवर रोगाची शक्यता जास्त.

४. अंदाज कोणत्या तारखेचा आहे. दोन वर्षं जुना स्क्रीनशॉटही दर हिवाळ्यात नव्याने फिरतो.

शेतकऱ्यांसाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला निघतो. 'मेघदूत' ॲपवर तो मराठीतही वाचता येतो. मंगळवारचा सल्ला बघून आठवड्याचं नियोजन करा आणि शुक्रवारी ते पुन्हा तपासा. मधल्या तीन दिवसांत विक्षोभाचा वेग बदलला असेल, तर फवारणी आणि पाण्याचं वेळापत्रकही बदलावं लागेल.