झाडं लावायची की राखायची?

दर जूनमध्ये आमच्या ऑफिसात एक मेल येतो. सब्जेक्ट : ‘लेट्स गो ग्रीन!’ आत शनिवारची तारीख, बसची वेळ आणि टी-शर्टची साइज कळवा, एवढंच. मग काय, बसमध्ये अंताक्षरी, टेकडीवर पोहे, हातात रोप आणि समोर कॅमेरा... स्माइल प्लीज! संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे डीपी हिरवेगार.

गेल्या वर्षी आम्ही शहराबाहेरच्या एका उघड्या टेकडीवर ३०० रोपं लावली. यंदा मे महिन्यात सहज स्कूटी तिकडे वळवली. जिवंत रोपं मोजली. १४! त्यातल्या एकाचा शेंडा माझ्यासमोरच एक शेळी निवांत खात होती.

मी पडले अकाउंट्सवाली. खोड जात नाही. दुसऱ्या दिवशी जुनी फाइल काढली. टी-शर्ट, बस, नाश्ता, बॅनर, फोटोग्राफर, शेवटी रोपं आणि खड्डे. पाण्यासाठी? शून्य. राखणीसाठी? शून्य.

खरं तर हे मला आधीच सुचायला हवं होतं, कारण मी राहते मुकुंदवाडीत. २०१९ साली आमच्या भागातली मुलं रेल्वेत बसून औरंगाबाद स्टेशनवर जायची आणि तिथून पाणी भरून आणायची. बातमी पार परदेशी पेपरांत झळकली होती. त्याच पावसाळ्यात राज्यभर ३३ कोटी झाडं लावायची सरकारी मोहीम चालली होती. २०१६ मध्ये २ कोटींचं टार्गेट होतं, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ आणि मग एकदम ३३! जिथं पोरं पाण्यासाठी ट्रेन पकडतात, तिथं रोपाला पाणी कोण घालणार, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. मीही टी-शर्टची साइज कळवून मोकळी झाले होते.

यंदा मात्र माझं नाव ऑफिसच्या सीएसआर कमिटीत आलं. (मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले सरासरी २ टक्के समाजासाठी खर्च करायचे, हा कायदा २०१४ पासून लागू आहे. पर्यावरण त्या यादीत बसतं.) झाडांसाठी हातात २ लाख रुपये. यात काय होईल, म्हणून मी आमच्या ड्रायव्हरकाकांना विचारलं. त्यांचं गाव कन्नडकडचं, गौताळ्याच्या पायथ्याशी.

‘ताई, रानातली झाडं कुणी लावलीत का?’ काका म्हणाले. ‘ती आपली आपण येतात. तुम्ही फक्त जळू देऊ नका, तोडू देऊ नका आणि चार वर्षं गुरं आत सोडू नका.’

गौताळा औट्रमघाट अभयारण्य आपल्यापासून दोन तासांवर. पावसाळ्यात आपण तिथं धबधब्यापुढे सेल्फी काढतो. सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे जंगल १९८६ मध्ये अभयारण्य झालं. हे पानगळीचं जंगल. उन्हाळ्यात ते इतकं वाळतं की एका बिडीनं पेटावं. म्हणून थंडीतच जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा पट्टा कापून, जाळून मोकळा ठेवायचा. वणवा तिथवर आला की पुढे जायला त्याला काही उरत नाही. हे काम दरवर्षी करावं लागतं, त्याला माणसं लागतात आणि माणसांना मजुरी.

पानगळीच्या जंगलाची आणखी एक गंमत. साग, पळस यांची झाडं तोडली तरी मुळं जिवंत असतात आणि बुंध्यातून फुटवे येतात. आग आणि गुरं लांब ठेवली तर तेच फुटवे वाढतात, तेही फुकट! आपण मात्र त्याच पैशात नवं रोप आणतो आणि मेमध्ये मारतो. माळरानावर खड्डे खणतो तेव्हा तर चिंकाऱ्याचं गवतच उखडतो.

मग लावायचंच नाही का? मीही तसंच म्हणणार होते, पण वाघ आठवला. मार्च २०२१ मध्ये गौताळ्यात एक वाघ कॅमेऱ्यात आला. तो आला होता यवतमाळच्या टिपेश्वरहून. सरळ रेषेत मोजलं तरी तीनशेहून जास्त किलोमीटर, मधे शेतं, रस्ते, गावं. गौताळ्यात कित्येक दशकांनी वाघ दिसला. त्याला राहायला जंगल मिळालं, कारण ते कुणीतरी राखलेलं होतं. पण दोन जंगलांच्या मधली झाडोऱ्याची वाट तुटलेली आहे. ती राखून येणार नाही, कारण राखायला तिथं काही उरलेलंच नाही. तिथं लावावंच लागेल आणि वाढवावंही लागेल.

म्हणून माझा हिशेब साधा झाला. जे उभं आहे ते आधी वाचवा. जे तोडलंय पण मुळाशी जिवंत आहे, त्याला सवड द्या. आणि जिथं काहीच नाही, तिथं लावा, पण तीन वर्षांचं पाणी आणि राखणदार जमेत धरून. त्या पैशात ३०० नाही, कदाचित ४० झाडं बसतील. बसू देत.

सोमवारी कमिटीत मी हे मांडलं. दीड लाख वनखात्याला विचारून गौताळ्याच्या जाळरेषांसाठी आणि राखणीच्या मजुरीसाठी, ५० हजार त्या टेकडीवरच्या ४० झाडांसाठी. टी-शर्ट कॅन्सल. साहेबांनी पीपीटी शांतपणे पाहिली आणि विचारलं, ‘सगळं ठीक आहे, पण फोटो कशाचा काढणार?’

प्रश्न चुकीचा नव्हता. न लागलेल्या वणव्याचा फोटो कसा काढणार? अर्धा तास वाद झाला. शेवटी जाळरेषांना दीड लाखाऐवजी १ लाख मिळाले, उरलेल्यात झाडं आणि (हो, हरले मी!) टी-शर्ट.

एक लाख तर एक लाख. थंडीत जाळरेषा निघतील तेव्हा काका आम्हाला न्यायला तयार आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी कळवा. पोहे घरून आणायचे. फोटोत एक काळी पट्टी दिसेल आणि तिच्यापलीकडे उभं जंगल.