डॅडी सुटले नाहीत

'डॅडी' म्हणून ओळखला जाणारा मुंबईचा गुंड-राजकारणी अरुण गवळी सप्टेंबर २०२५ मध्ये नागपूरच्या तुरुंगातून बाहेर आला आणि मुंबईतल्या त्याच्या दगडी चाळीत 'डॅडी सुटले' म्हणून स्वागत झाले. डॅडी सुटलेले नव्हते. शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या खुनातली जन्मठेप तशीच होती. सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत जामीन दिला, एवढेच. आरोपीचे वय ७६, कोठडीत गेलेली वर्षे १७ हून अधिक.

आता तारखा पाहा. जामसांडेकरांना २ मार्च २००७ रोजी त्यांच्या राहत्या घरात घुसून गोळी घातली गेली. सुपारी ३० लाखांची होती, असे पोलिसांचे म्हणणे. संघटित गुन्हेगारीविरोधी विशेष मोक्का न्यायालयाने २०१२ मध्ये शिक्षा ठोठावली. उच्च न्यायालयाने ती कायम केली डिसेंबर २०१९ मध्ये. खुनापासून शिक्षेपर्यंत साडेपाच वर्षे आणि नुसत्या पहिल्या अपिलाला सात! अपिलात सहसा साक्षीदार पुन्हा उभे करत नाहीत. कागद वाचायचे, युक्तिवाद ऐकायचा. पण आपल्याकडे कागदांनाच पाय फुटायला वर्षे लागतात. खटल्याच्या कागदपत्रांचे पेपरबुक तयार नसते, मराठी जबाबांचे इंग्रजी भाषांतर अडलेले असते. सगळे जुळून प्रकरण बोर्डावर आलेच, तर संध्याकाळपर्यंत पुकारा होत नाही आणि पुढची तारीख पडते.

मध्यंतरी गवळीने दुसरे दारही ठोठावले. वृद्ध, अशक्त कैद्यांसाठीच्या २००६ च्या शासकीय धोरणाखाली मुदतपूर्व सुटका मागितली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२४ मध्ये ती मान्य केली, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. अपिलात 'गुन्हा केलाच नाही', या अर्जात 'शिक्षा पुरे झाली'. कायदा दोन्ही मागू देतो आणि वकिलाने मागावेच. त्याचे ते कामच आहे.

जामीन चुकला असे आम्ही म्हणत नाही. अपील पडून असताना म्हाताऱ्याला किती काळ आत ठेवायचे? पण उद्या दोषसिद्धी रद्द झाली तर ती सतरा वर्षे कोण परत करणार? आणि कायम राहिली, तर जामसांडेकरांच्या घरच्यांनी दगडी चाळीतल्या त्या स्वागताचा अर्थ काय लावायचा? हे तर नामवंत वकील लावू शकणाऱ्याचे प्रकरण. विधी सेवेच्या वकिलावर भिस्त ठेवून बसलेल्या कैद्याचे अपील कोणत्या कपाटात आहे, हे त्याला तरी ठाऊक असेल का? तुरुंगात असलेल्या जन्मठेपेच्या कैद्यांची किती अपिले किती वर्षांपासून पडून आहेत, याची यादी उच्च न्यायालयाने दर सहा महिन्यांनी जाहीर करावी. सुरुवात सर्वांत जुन्यापासून.