बुलेटला स्ट्रोकर कशाला?

पाठलागाची वऱ्हाडातली सगळ्यात जुनी गोष्ट कौंडण्यपूरची. श्रीकृष्ण रुक्मिणीला रथात घेऊन इथूनच निघाले आणि भाऊ रुक्मी चिडून मागे लागला, हे वर्धेच्या काठावरच्या या गावात लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या रथाला घोडे किती होते, हे कोणी विचारत नाही. आज अंबिकेच्या दर्शनाला तिवशाकडून एमएच 27 च्या आणि नदीपलीकडून, आर्वीच्या बाजूने, एमएच 32 च्या बुलेट येतात, तेव्हा मात्र पहिला प्रश्न घोड्यांचाच असतो. गाडी किती सीसीची? इंजिन कंपनीचंच आहे की वाढवलेलं? या वाढवण्याच्या वेडात हल्ली एक शब्द वजनदार झाला आहे, तो म्हणजे स्ट्रोकर. बुलेटच्या बाबतीत हे वेड चुकीच्या टोकाला लागलं आहे.

पिस्टन सिलिंडरमध्ये जेवढं अंतर खालीवर करतो, तो स्ट्रोक. क्रँक बदलून हे अंतर वाढवलं की त्याच सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल जास्त मावतं. असं इंजिन म्हणजे स्ट्रोकर. ही युक्ती गाजली ती अमेरिकेत. शेवरलेच्या 350 घनइंची व्ही-8 इंजिनात थोरल्या 400 इंजिनाचा क्रँक बसवायचा आणि सिलिंडर किंचित बोअर करायचे. स्ट्रोक 88.4 मिलिमीटरवरून 95.25 वर जातो आणि इंजिन 383 घनइंचांचं, म्हणजे सुमारे 6.3 लिटरचं होतं. पण तिथल्या लोकांनी स्ट्रोकला हात घातला, त्याला कारण होतं. त्या इंजिनाचे आठही सिलिंडर एकाच ओतीव ब्लॉकमध्ये आहेत आणि त्यांच्या भिंतींमागे पाणी खेळतं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, फार वाढवला तर भिंतच पातळ होते. रुंदीला वाव नाही, म्हणून उंचीला हात घातला.

बुलेटचं नेमकं उलट आहे.

2023 पर्यंतच्या बुलेट 350 चा बोअर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90, क्षमता 346 सीसी. म्हणजे इंजिन मुळातच लांब स्ट्रोकचं. समजा, खटाटोप करून स्ट्रोक 96 वर नेला, तर क्षमता होते 369 सीसी. क्रँक, रॉड, पिस्टन, लेथचं काम, बॅलन्सिंग, एवढ्या सगळ्या खर्चाची कमाई फक्त 23 सीसी! याउलट स्ट्रोक 90 च ठेवून बोअर 84 केला तर 499 सीसी होतात आणि 87 केला तर 535. हे गणित कागदावरचं नाही. रॉयल एनफिल्डने स्वतः 500 ची बुलेट आणि 2013 ची कॉन्टिनेंटल जीटी 535 याच आकड्यांवर काढली, दोन्हींचा स्ट्रोक 90 चाच. पुढे नव्या 350 इंजिनात कंपनीने स्ट्रोक उलट कमी करून 85.8 केला आणि बोअर 72 वर नेला. कारखानाच ज्या दिशेने चालला आहे, त्याच्या विरुद्ध जायला गल्लीतल्या मिस्त्रीकडे भक्कम कारण हवं. बुलेटचा सिलिंडर हा सुटा भाग आहे, नट खोलले की हातात येतो. रुंदीला वाव असताना उंचीचा हट्ट कशाला?

हट्टाची किंमतही असते. 90 मिलिमीटरच्या स्ट्रोकला 5250 फेऱ्यांवर पिस्टनची सरासरी गती सेकंदाला 15.75 मीटर असते. स्ट्रोक 96 केला की ती 16.8 होते. हे आकडे मोठे वाटत नाहीत. पण दर फेरीत पिस्टन दोनदा थांबतो आणि दोनदा उलटा पळतो, आणि त्या झटक्याचं बळ फेऱ्यांच्या वर्गाने वाढतं. फेऱ्या दुप्पट झाल्या की झटका चौपट. तो झटका सोसायचा कोणी, तर पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनने आणि कनेक्टिंग रॉडने.

तरीही ज्याला स्ट्रोकर करायचाच आहे, त्याने क्रँक सगळ्यात शेवटी विकत घ्यावा. बाजारात होतं उलटं. आधी क्रँक घरी येतो, मग त्यावर बसेल असा पिस्टन शोधत दुकानं पालथी घातली जातात. खरं तर सिलिंडरची उंची ठरलेली असते आणि तिच्यात तीन मापं बसवायची असतात: स्ट्रोकचा अर्धा भाग, रॉडची लांबी आणि गजन पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची. स्ट्रोक 6 मिलिमीटरने वाढला की पिस्टन वर 3 मिलिमीटर जास्त चढतो आणि खाली 3 मिलिमीटर जास्त उतरतो. वर व्हॉल्व्ह आहेत, खाली फ्लायव्हील. म्हणून एकतर रॉड 3 मिलिमीटरने आखूड करायचा किंवा पिस्टनमधली पिन तेवढीच वर सरकवायची.

आखूड रॉड स्वस्तात पडतो, पण तो जास्त तिरपा होतो आणि पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर रेटतो. लांब रॉड हा रेटा कमी करतो, पण मग पिस्टन बुटका लागतो. शेवरलेच्या त्या 383 मध्ये 152.4 मिलिमीटरचा रॉड घातला तर पिस्टनला पिनच्या वर जेमतेम 28.6 मिलिमीटर उरतात. पिनचं भोक थेट ऑइल रिंगच्या खाचेत घुसतं आणि रिंगला आधाराची वेगळी पट्टी द्यावी लागते. शर्यतीच्या गाडीला हे चालतं, कारण तिचं इंजिन वारंवार खोललं जातं. रोज अमरावती ते कौंडण्यपूर, एकेरी सुमारे 40 किलोमीटर, पळणाऱ्या गाडीला असा पिस्टन घालणं म्हणजे ऑइल जाळायची सोय. रोजच्या गाडीला थोडा आखूड रॉड आणि भरपूर उंचीचा पिस्टन हाच शहाणा सौदा, भले कोणी त्याला जुनाट म्हणो.

कॉम्प्रेशनचंही तसंच. 8.5 ला 1 असलेल्या 346 सीसीच्या इंजिनात ज्वलनकक्ष सुमारे 46 सीसीचा येतो. तोच कक्ष ठेवून क्षमता 369 केली, तर पिस्टन वर जराही जास्त न चढता कॉम्प्रेशन 9 ला 1 होतं. त्यात कोणी उंच माथ्याचा पिस्टन सुचवला, तर मे महिन्याची आठवण ठेवावी. अकोला-अमरावतीत पारा 45 च्या पुढे जातो आणि हे इंजिन थंड होतं ते फक्त वाऱ्यावर. फाटकाशी दहा मिनिटं सुरू ठेवलेली गाडी इथे हवेकडून फारशी मदत घेऊ शकत नाही.

पिस्टनचा धातू निवडताना हेच ऊन निर्णायक ठरावं. फोर्ज्ड, म्हणजे घडीव पिस्टनचे दोन मिश्रधातू बाजारात चालतात. 2618 मध्ये सिलिकॉन नावापुरतं असतं. तो चिवट, मार सोसणारा, पण तापला की फार फुगतो. म्हणून सिलिंडरमध्ये फट जास्त ठेवावी लागते आणि थंडीत सकाळी गाडी सुरू केली की पिस्टन खडखडतो. 4032 मध्ये सिलिकॉन सुमारे 12 टक्के. तो कमी फुगतो, कमी फटीत चालतो, मात्र अति माराला तडकू शकतो. रस्त्यावरच्या बुलेटला 4032 पुरेसा, आणि कित्येकदा कंपनीचा ओतीव पिस्टनही पुरेसाच. खरी गोम फटीत आहे. घडीव पिस्टन आणून ओतीवच्या मापाने बोअर केलेला सिलिंडर पहिल्याच उन्हाळ्यात चिकटतो. दोष मग पिस्टनच्या माथी मारला जातो.

रॉडबद्दल गैरसमज आणखी मोठे. मोटारीच्या जगातून आलेला एच-बीम रॉड, 4340 पोलाद, खास बोल्ट ही भाषा तोंडपाठ असलेले तरुण बुलेटसाठीही तेच मागतात. मोटारीचा रॉड दोन तुकड्यांचा असतो आणि बोल्टने आवळतात. तो मोडतो बहुधा जोर लावताना नव्हे, तर धूर बाहेर फेकून झाल्यावर पिस्टन वरच्या टोकाला पोचतो तेव्हा. त्या क्षणी त्याला थोपवायला वर दाब नसतो, सगळी ओढ बोल्टवर येते. बुलेटच्या रॉडला असे बोल्टच नाहीत. जुन्या, लोखंडी सिलिंडरच्या बुलेटमध्ये तर ॲल्युमिनियम मिश्रधातूचा रॉड आणि मोठ्या टोकाला रोलर बेअरिंगऐवजी तरंगता बुश होता. ऑइल स्वच्छ आणि पुरेसं असेल तरच तो वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून जुन्या बुलेटवर पैसे खर्चायचेच असतील तर ते आधी रोलर बेअरिंगवर आणि ऑइल पंपावर जावेत. पिस्टनचं वजन बदललं की फ्लायव्हीलचं बॅलन्सही बदलतं, हे तर बहुतेक बिलांत कुठेच दिसत नाही. एका सिलिंडरचं इंजिन पूर्ण बॅलन्स होतच नाही. कंपनीने साधलेला मध्य बिघडला, की हँडल आणि सीट दोन्ही थरथरतात.

यामाहा आरएक्स 100 वाल्यांचं दुखणं वेगळं. 50 बाय 50 मापाच्या या टू-स्ट्रोकमध्ये कॅमने उघडणारे व्हॉल्व्ह नसतात, पोर्टची उघडझाप पिस्टनची बाजूच करते. स्ट्रोक वाढला की सगळी वेळापत्रकं सरकतात. तिथे पिस्टन निवडणं म्हणजे कॅम निवडण्यासारखंच.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 ला तेच ठामपणे सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी, एलपीजी, बॅटरीच्या किटला कायद्यात वाट आहे, वाढवलेल्या सीसीला नाही. ही वाट असायला हवी. पुण्यात 1966 पासून एआरएआय आहे, वाहन तपासून प्रमाणपत्र द्यायची यंत्रणा राज्यातच आहे. हौशी माणसाला परवडेल अशा शुल्कात एकेकट्या गाडीची तपासणी करून नोंदणी पुस्तकात नवी क्षमता लिहून देण्याची तरतूद झाली, तर चोरून होणारं काम उजेडात येईल.

तोवर निदान वर्कशॉपकडून एक कागद मागून घ्यावा. त्यावर बोअर गेजने सिलिंडरच्या वर, मध्ये आणि खाली घेतलेलं माप, पिस्टनची फट, रिंगचा गॅप, रॉडची लांबी, जुन्या आणि नव्या पिस्टनचं ग्रॅममधलं वजन आणि व्हॉल्व्हपासून उरलेलं अंतर लिहिलेलं असावं. हा कागद द्यायला जो मिस्त्री कां-कूं करतो, त्याच्याकडे सिलिंडर खोलायलाही देऊ नये.