रिपोर्ट कुणीच मागितला नाही!

भाजी विकणाऱ्या एक मावशी दोन वर्षांपूर्वी स्तनातील गाठ दाखवायला माझ्या दवाखान्यात आल्या. गाठ सुपारीएवढी, दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून गाठ साधी, असे समजू नये. मी तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याची चिठ्ठी लिहून दिली आणि पुढचा रुग्ण आत बोलावला. मावशी परत आल्या त्या आठ महिन्यांनी. गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही गाठी हाताला लागत होत्या.

"मावशी, इतके दिवस काय करत होता?" मी रागानेच विचारले.

"डॉक्टरसाहेब, पोराच्या मोबाइलवर एक बाई सांगायची, रस पिऊन तिची गाठ विरघळली. आमीबी तेच केलं."

तो व्हिडिओ मी पाहिला. बाई तजेलदार, बोलणे गोड, खाली चूर्णाच्या डब्याची किंमत. रोगाचा एकही कागद मात्र दाखवलेला नव्हता. मला ऑस्ट्रेलियातील बेल गिब्सन आठवली. तिची हकीकत वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे.

ही विशीतली तरुणी इन्स्टाग्रामवर सांगत असे, की तिला मेंदूचा कर्करोग आहे, डॉक्टरांनी थोड्या महिन्यांचीच मुदत दिली होती. पण नेहमीचे उपचार सोडून आपण आहार आणि नैसर्गिक उपायांवर जगतो आहोत. २०१३ मध्ये तिने 'द होल पॅन्ट्री' नावाचे मोबाइल ॲप काढले. २०१४ मध्ये पेंग्विनसारख्या प्रकाशकाने तिचे पुस्तक छापले. ॲपल कंपनीनेही तिचे ॲप उचलून धरले. विक्रीतला वाटा धर्मादाय संस्थांना देते, असेही ती सांगे.

२०१५ मध्ये पत्रकारांनी चौकशी केली, तेव्हा कबूल केलेले पैसे संस्थांना पोचलेच नसल्याचे निघाले. मग आजाराविषयी प्रश्न सुरू झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका मासिकाला दिलेल्या मुलाखतीत तिने कबूल केले, की आपल्याला कर्करोग झालेलाच नव्हता. २०१७ मध्ये न्यायालयाने तिला ४ लाख १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. पडताळणी न करता पुस्तक छापल्याबद्दल प्रकाशकानेही ३० हजार डॉलर ग्राहक निधीत भरले.

वाचकहो, यातली एक गोष्ट लक्षात घ्या. ही बाई पकडली गेली ती पैशाच्या हिशेबात. मेंदूच्या तपासणीचा एखादा रिपोर्ट दाखवा, असे प्रकाशकाने किंवा कंपनीने आधीच म्हटले असते, तर प्रकरण पहिल्याच दिवशी संपले असते. आजारी माणसाकडे पुरावा मागणे आपल्याला निष्ठुरपणाचे वाटते. एरवी ते खरेही आहे. पण जो आपल्या आजारावर दुकान मांडतो, त्याच्याकडे कागद मागायलाच हवा. आपल्याकडे तर कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदीच आहे. मोबाइलच्या पडद्यावर तो कायदा कुणाला आठवत नाही, एवढेच.

परंतु सारा दोष त्या व्हिडिओतल्या बाईवर ढकलून मला मोकळे होता येणार नाही. मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना किती वेळ दिला? फार तर दोन मिनिटे. सुई लावली की रोग पसरतो, ही भीती त्यांच्या मनात होती. मी ती विचारलीच नाही. खर्चाचा घोर होता; महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावर उपचार होतात, हेही मी सांगितले नाही. मोबाइलवरची बाई मात्र रोज अर्धा तास त्यांच्याशी बोलत होती. खोटे का होईना, पण धीराचे बोलत होती.

म्हणून आज सांगतो. सुईने नमुना घेतल्यामुळे स्तनाचा कर्करोग पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. त्या तपासणीवाचून उपचाराची दिशाच ठरत नाही. गाठ लहान असताना उपचार झाले, तर बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. भाज्या, फळे, चालणे, व्यायाम हे सारे चांगलेच आहे, मी स्वतः पाळतो. पण रसाने गाठ विरघळत नाही.

मावशींचे केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया हे दोन्ही उपचार झाले. अजून गोळ्या चालू आहेत. आठ महिने आधी गेल्या असत्या तर कदाचित कमी उपचारांत भागले असते. हल्ली चिठ्ठी लिहिल्यावर मी रुग्णाला थोडे थांबवतो आणि विचारतो, "कशाची भीती वाटते?" तुमच्या डॉक्टरांनी नाही विचारले, तर तुम्ही आपणहून सांगा. तो तुमचा हक्क आहे.