तळहातावरची बोली

मैत्रिणींनो, ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांच्याशी स्पर्शानं बोलायला मी अलीकडे शिकतेय. आधी खांद्याला हलकेच हात लावायचा, मग ओळख द्यायची; माझी खूण म्हणजे हातातली बांगडी! अक्षरओळख असेल तर तळहातावर एकेक अक्षर गिरवायचं. नसेल तर वस्तूच हाती द्यायची. वाटी म्हणजे जेवण. चालताना ओढायचं नाही. त्यांनी आपला दंड धरायचा.

२०१६ च्या कायद्यानं या अपंगत्वाची नावानिशी दखल घेतली. मुंबईत हेलन केलर संस्था १९७७ पासून काम करतेय. पण तालुक्याच्या गावी अशा मुलाची आई तासभरही घराबाहेर पडू शकत नाही, त्याच्याशी बोलणारं दुसरं कुणी नसतं म्हणून. शेजारणीनं एवढं शिकून घेतलं, तर ती निदान बाजाराला तरी जाऊन येईल.