इस्पितळातील संसर्ग : दोष सफाई कामगाराचा नव्हे

माणूस इस्पितळात बरा होण्यासाठी जातो. तेथेच त्याला नवा रोग जडला तर जबाबदार कोण? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार इस्पितळात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना उपचारांच्या काळात किमान एक संसर्ग होतो. साधनसामग्री आणि माणूसबळ यांत काटकसर केली की काय घडते, ते या आकड्यांतून दिसते.

संसर्ग पसरला की पहिले बोट सफाईवाल्याकडे जाते. अधिकाऱ्यांनी इतिहास आठवावा. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात बाळंतिणी तापाने दगावत होत्या. हा रोग शवविच्छेदनाच्या खोलीतून डॉक्टरांच्याच हातांनी येत असल्याचे डॉ. सेमेलवाइस यांनी ओळखले. क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती होताच मृत्यू झपाट्याने घटले. हात धुण्याइतका स्वस्त उपाय आजही दुसरा नाही. पण त्यासाठी नळाला पाणी हवे, साबण हवा आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुण्याइतकी सवड हवी. रात्रपाळीत एकाच परिचारिकेवर अख्खा वॉर्ड टाकायचा आणि वर स्वच्छतेचे फलक लावायचे, ही निव्वळ धूळफेक आहे.

सर्वांत मोठा धोका कचऱ्यातील सुईचा. लस न घेतलेल्या कामगाराला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असते. या रोगावर लस आहे. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. परंतु मध्येच ठेकेदार बदलला, कामगार बदलला की डोस अर्धवट राहतात. ठेकेदारी पद्धतीत पगार बुडतो हे आपण जाणतोच. इथे जीवही टांगणीला लागतो.

कायदा मात्र स्पष्ट आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस, प्रशिक्षण, संरक्षक साधने आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी देणे ही इस्पितळ चालविणाऱ्याची जबाबदारी आहे. त्यात कायम आणि ठेक्यावरचा असा भेद नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१) इस्पितळांतील रिक्त जागा कायम स्वरूपात भराव्यात.

२) ठेका कामगारांच्या लसीकरणाची नोंद ठेकेदाराकडे नव्हे, तर इस्पितळाकडे असावी.

३) सुया टाकण्यासाठी न फुटणारे पांढरे डबे आणि जाड हातमोजे प्रत्येक वॉर्डात मिळावेत.

४) संसर्ग नियंत्रण समितीवर कामगार प्रतिनिधी घ्यावा.

आमच्या सभासदांनाही सांगणे आहे. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू नका. सुई टोचली तर नोकरीच्या भीतीने लपवू नका. जखम साबण-पाण्याने धुवा आणि त्याच पाळीत नोंद करा. एचआयव्हीवरील प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. नोंद केल्यामुळे कोणाला त्रास झाला, तर युनियन त्याच्या पाठीशी उभी राहील.

रुग्णाची सुरक्षितता आणि कामगाराची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. रेल्वेच्या इस्पितळांत तर रुग्णही आपलाच आणि झाडू मारणाराही आपलाच. हा लढा दोघांचा आहे.