कच्चा लिंबू खेळात असू द्या

'काय भो, पीसफुलवर खेळतो? मग खेळतो काय?' हॉस्टेलच्या खोलीत, कॅन्टीनमध्ये, नाहीतर भुसावळ पॅसेंजरच्या डब्यात माइनक्राफ्टचा विषय निघाला की हा टोमणा कुणीतरी कुणालातरी मारतंच. ज्याला मारला तो ओशाळून हसतो आणि ज्याने मारला तो आपल्या हार्डकोअरच्या कहाण्या सांगायला लागतो. वाद गमतीचा वाटतो, पण त्याच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. गेममध्ये सोपा मार्ग ठेवला तर गेम सुधारतो, की त्याची चव जाते?

आमचं मत आधीच सांगून टाकतो. सोपा मोड असावा. त्याने गेम बिघडत नाही. गेम बिघडतो तो दोन गोष्टींनी: डाव अर्ध्यावर आल्यावर गुपचूप नियम बदलल्याने आणि सोपेपणा पैशांना विकल्याने. आपण या दोन्ही गोष्टींचं पाप सोप्या मोडच्या माथी मारतो, म्हणून हा वाद मिटत नाही.

वाळूचा ढीग आणि त्याचे नियम

घराचं बांधकाम निघालं की दारात वाळूचा ढीग पडतो आणि गल्लीतली सगळी पोरं त्यावर तुटून पडतात. कुणी पायावर वाळू थापून खोपा करतं, कुणी बोगदा खणतं, कुणी नुसतंच घसरतं. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. सँडबॉक्स गेम म्हणजे हाच ढीग. बनवणारा तुम्हाला जमीन आणि हत्यारं देतो, पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

माइनक्राफ्ट २००९ मध्ये पहिल्यांदा लोकांच्या हाती आला, २०११ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. त्यात नियमांची अख्खी उतरंडच आहे. पीसफुलवर अंगावर येणारे झॉम्बी, क्रीपर येत नाहीत आणि भूकही लागत नाही. इझीवर उपाशी राहिलात तर जीव निम्म्यावर येऊन थांबतो, नॉर्मलवर जेमतेम अर्धं हार्ट उरतं आणि हार्डवर उपासमारीने चक्क मरता. हार्डवर झॉम्बी लाकडी दारही फोडतात. हार्डकोअरमध्ये जीव एकच, मेलात की ते जग संपलं. आणि क्रिएटिव्हमध्ये? हवेत उडा, हवे तितके ठोकळे घ्या, मरणाचं नाव नाही.

इतर गेमनीही हीच वाट धरली. समुद्राखाली जगायला लावणाऱ्या सबनॉटिकात फ्रीडम नावाचा मोड आहे, त्यात तहानभुकेचा हिशेब ठेवावा लागत नाही. २०११ सालच्या टेरारियात २०२० च्या मे महिन्यात जर्नी मोड आला, त्यात शत्रू किती कडक हवेत ते स्वतःच कमी-जास्त करता येतं. व्हॅलहाइमने २०२३ मध्ये जगाचे नियम हवे तसे बदलायची सोय दिली.

विरोधकांचं खरं म्हणणं

सोप्या मोडला नाक मुरडणारे सगळेच शेखी मिरवणारे नसतात. त्यांच्या म्हणण्यात दम आहे, तो नीट ऐकायला हवा.

माइनक्राफ्टमधली पहिली रात्र आठवा. सूर्य उतरतोय, हातात लाकडी कुऱ्हाड, जवळ कोळसा नाही. घाईघाईने डोंगरात खड्डा खणून तुम्ही आत बसता आणि बाहेरचे आवाज ऐकत राहता. त्या खड्ड्याला घरपण येतं ते भीतीमुळे. क्रिएटिव्हमध्ये दहा मिनिटांत राजवाडा उभा राहतो, पण त्या खड्ड्याची सर त्याला येत नाही.

व्हॅलहाइमचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. त्यात पोर्टलमधून क्षणात दुसरीकडे जाता येतं, पण मूळ नियमाप्रमाणे कच्चं धातू पोर्टलमधून नेता येत नाही. म्हणून जहाज बांधावं लागतं, माल भरावा लागतो आणि वादळातून घरी यावं लागतं. मित्रांना वर्षभर सांगत बसावं असं जे काही घडतं, ते याच प्रवासात. नियम बदलून धातू पोर्टलमधून न्यायला लागलात की वेळ वाचतो, पण जहाज बांधण्याचं कारणही जातं. सँडबॉक्समध्ये गोष्ट लिहून दिलेली नसते, ती अडचणीतून तयार होते. अडचण काढली की कधी कधी गोष्टही निघून जाते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'तुला नको तर तू वापरू नको ना!' हे उत्तर अपुरं आहे. रात्री एक वाजता, तीन तास खणून मिळवलेल्या हिऱ्यांसकट तुम्ही लाव्हात पडलात आणि सामान जपणारा नियम एका बटणावर असला, तर तुमचं बोट तिकडे जाणारच. ते बटण आहे हे माहीत असणं, एवढ्यानेच कड्यावरून चालतानाची धाकधूक कमी होते.

जुन्या पिढीला हे सायबर कॅफेतच कळलं होतं. व्हाइस सिटी खेळताना चीट कोडची चिठ्ठी खिशात असायची. 'पँझर' टाइप केलं की रणगाडा हजर, 'लीव्ह मी अलोन' टाइप केलं की मागे लागलेले पोलीस गायब. पहिली वीस मिनिटं अख्खं शहर आपल्या बापाचं. मग कंटाळा.

मग सोपा मोड हवा कशाला?

कारण वाळूच्या ढिगावर येणारा प्रत्येकजण एकाच कामासाठी येत नाही.

पारोळ्याहून धुळ्याला किंवा एरंडोलहून जळगावला रोज एसटीने ये-जा करणाऱ्या मुलीचा विचार करा. कॉलेज, प्रॅक्टिकल, घरची कामं, त्यात संध्याकाळी लाईट गेली की संपलंच. तिच्या हाती दिवसातून पाऊण तास उरतो आणि खेळायला एक साधा फोन, ज्याच्या काचेवर बोट सरकवून बाण मारायचा असतो. क्रीपरने तिच्या आठवड्याची मेहनत उडवली तर तिला थरार वाटणार नाही, ती गेम काढून टाकेल. ज्याचे हात भराभर चालत नाहीत, ज्याला डोळ्यांनी कमी दिसतं, त्याच्यासाठी 'नॉर्मल' हा शब्दच खोटा आहे. त्याचा नॉर्मल तुमच्या हार्डच्याही वर आहे. आणि काहींना लढायचंच नसतं, त्यांना बांधायचं असतं.

बांधण्याला हलकं समजू नका. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅटने २०१२ मध्ये माइनक्राफ्टच्या कंपनीबरोबर 'ब्लॉक बाय ब्लॉक' हा उपक्रम सुरू केला. वस्तीतल्या लोकांनी एकत्र बसायचं आणि आपलं मैदान, आपली बाग, आपला चौक कसा हवा ते माइनक्राफ्टमध्ये उभं करून दाखवायचं. नैरोबीच्या किबेरापासून मुंबईपर्यंत हे प्रयोग झाले. आपल्या चौकात बाक कुठे हवा ते सांगायला आलेल्या आजीबाईंना आधी झॉम्बी मारायला लावणार का?

आपल्याकडचा दाखला घ्या. चैत्रात खान्देशातून हजारो माणसं सप्तशृंगी गडाकडे पायी निघतात. टळटळीत उन्हात दिवसेंदिवस चालतात, मग पायऱ्या चढतात. २०१८ पासून गडावर फनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. त्यानंतर पदयात्रा बंद पडली का? चालणारे चालतातच. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत ते ट्रॉलीने वर जातात आणि चालणाऱ्याच्या पायाचे फोड त्यामुळे खोटे ठरत नाहीत. दुसऱ्याच्या सोयीने आपलं श्रेय कमी होतं, ही भीती निराधार आहे.

गल्लीने हे कधीच सोडवलंय

विरोधकांची धाकधूक खरी आणि सोप्या मोडची गरजही खरी, मग मेळ कसा घालायचा? उत्तर आपल्या लहानपणीच्या खेळात आहे: कच्चा लिंबू.

लपाछपीत, पकडापकडीत लहान भावंड मागे लागलं की त्याला हाकलत नसू. डाव सुरू होण्याआधी जाहीर व्हायचं: हा कच्चा लिंबू. तो सापडला तरी त्याच्यावर राज्य नाही. तो सगळ्यांबरोबर धावायचा, ओरडायचा, लपण्याच्या जागा शिकायचा. बाकीच्यांचा डाव जसाच्या तसा चालायचा. या साध्या सोयीत तीन अटी होत्या आणि त्या तिन्ही व्हिडिओ गेमला जशाच्या तशा लागू पडतात.

पहिली अट: आधी ठरवायचं. राज्य अंगावर आल्यावर 'मी कच्चा लिंबू होतो' म्हणणाऱ्याला कुणी सोडत नसे. चांगले गेम हेच करतात. टेरारियात जर्नीचं पात्र फक्त जर्नीच्याच जगात जाऊ शकतं, दुसऱ्या जगात घुसता येत नाही. फोनवरच्या माइनक्राफ्टमध्ये एखाद्या जगात चीट किंवा क्रिएटिव्ह सुरू केलं की त्या जगातली अचिव्हमेंट कायमची बंद होतात आणि तसा इशारा आधी मिळतो. म्हणजे दार उघडं आहे, पण त्याला उंबरा आहे. कठीण खेळणाऱ्यालाही आपलं दार बाहेरून कडी लावून बंद करून घेता आलं पाहिजे. हार्डकोअर त्यासाठीच असतो.

दुसरी अट: सगळ्यांना माहीत हवं. पाच मित्रांच्या सर्व्हरवर एकाने गुपचूप सामान जपायचा नियम चालू केला तर उरलेल्या चौघांच्या मेहनतीची किंमत जाते. तोच नियम पाचांनी मिळून ठरवला तर कुणाचंच काही जात नाही. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत खाऊ नये असं कुणी म्हणत नाही, फक्त ते पऱ्हाटीवरचं म्हणून वाढू नये. दुसऱ्याच्या जर्नलवरून प्रॅक्टिकल उतरवून 'मी केलं' म्हणणं आणि सरांना 'मला जमलं नाही, पुन्हा दाखवा' म्हणणं, यात जो फरक आहे तोच इथे आहे.

तिसरी अट: कच्च्या लिंबाची खिल्ली नाही. गेम बनवणाऱ्यांनीही हे पाप केलंय. १९९२ च्या वुल्फेन्स्टाइन थ्रीडीमध्ये सगळ्यात सोप्या पातळीचं नाव 'बाबा, मी खेळू का?' अशा अर्थाचं होतं आणि शेजारी नायकाचं चित्र होतं, डोक्यावर बाळाचं टोपडं, तोंडात चोखणी. तेव्हा हसू आलं असेल, पण अशा हसण्याने किती जण दारातूनच परत फिरतात ते हसणाऱ्याला कळत नाही.

आणि कच्च्या लिंबाची एक गंमत आहे. तो कायम कच्चा राहत नाही. एक दिवस तोच छाती काढून म्हणतो, 'आजपासून माझ्यावरपण राज्य.' चांगला सोपा मोड ही इच्छा मारत नाही. टेरारियाच्या जर्नीत वस्तू हव्या तितक्या मिळतात, पण आधी संशोधन करावं लागतं. मातीचे १०० ठोकळे मिळवून अर्पण केले की मग माती अमर्याद. म्हणजे फुकट काही नाही, फक्त चढ थोडा सौम्य.

खरा चोर कोण?

सोप्या मोडवर तुटून पडणारे आपण एका गोष्टीकडे मात्र डोळेझाक करतो. फोनवरच्या कितीतरी फुकट गेममध्ये अडचण मुद्दाम पेरलेली असते. घर बांधायला आठ तास थांबा, नाहीतर पैसे भरा. तलवार तुटली, दुरुस्तीला रत्नं लागतील, रत्नं दुकानात आहेत. तिथे अडचणीतून गोष्ट तयार होत नाही, फक्त बिल तयार होतं. खिशात पैसे नसलेल्या मुलाला कठीण आणि असलेल्याला सोपं, ही पातळी खेळणाऱ्याने निवडलेलीच नसते. राग काढायचा तर तो इथे काढा. पीसफुलवर शेती करणाऱ्या वर्गमित्राने तुमचं काय घोडं मारलंय?

तेव्हा पुढचं जग उघडाल तेव्हा दोन मिनिटं थांबा. आज मला काय हवंय, थरार की निवांतपणा, हे स्वतःला विचारा. मग पातळी निवडा आणि ते जग संपेपर्यंत तिला धरून राहा. मन बदललं तर नवं जग उघडा, जुन्यात खाडाखोड नको. सगळं सोपं जात असेल तर पुढच्या जगात एक पायरी वर चढून बघा. मित्रांबरोबर सर्व्हर असेल तर पहिल्याच दिवशी नियम ग्रुपवर लिहून टाका, म्हणजे लाव्हात पडल्यावर भांडण नको. आणि घरात धाकटं भावंड फोन मागत असेल तर त्याला सोप्या मोडवर एक जग उघडून द्या. ते स्वतःहून 'आता कठीण लाव' म्हणेपर्यंत त्याला घाई करू नका.